मद्यपाशातून मुक्तता : सोबतीचा एक इतिहास

ज्युबिली हा शब्द ज्या हिब्रू शब्दापासून निघाला त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग असा आहे. प्राचीन इस्राएल लोकांत दर पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकले जावे, कर्जापायी जो दास झाला असेल त्याने आपल्या घरी परतावे, आणि ज्याचे वाडवडिलांचे शेत गेले असेल त्यास ते परत मिळावे, अशी व्यवस्था लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितलेली आहे. म्हणजे ज्युबिली हा केवळ मांडव व मेजवानीचा समारंभ नव्हे. ती मुळात दास्यविमोचनाची घटका होय.

आमच्या धर्मग्रामाच्या ह्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीचा, शाळेचा व दवाखान्याचा वृत्तांत इतर लेखकांनी दिलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता, आम्ही येथे एका निराळ्या दास्याचा व त्यातून सुटण्याच्या एका मार्गाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ते दास्य म्हणजे दारूचे. आणि तो मार्ग म्हणजे, ज्यांनी दारू सोडली आहे वा जे सोडू पाहत आहेत, त्यांनी एकमेकांस धरलेली सोबत. हल्ली ही सोबत मोबाईलच्या पडद्यावरूनही मिळू लागली आहे, आणि तिने आमच्या ह्या आडवळणाच्या तालुक्यातही काही घरांत उजेड आणला आहे. ही गोष्ट नवी वाटते. परंतु तिची मुळे जुनी आहेत, एवढेच वाचकांस दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. पलीकडे पैनगंगा उतरली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कोलाम व गोंड बांधवांचे पोड, कपाशीची शेते, मुकुटबनकडील खाणी, आणि पांढरकवडा किंवा वणी गाठल्याशिवाय न होणारी बाजारहाट, असा हा मुलूख. येथे मोहाचे झाड पूज्य आहे. लग्नात, मयतीत व सणावारी मोहाच्या दारूस पूर्वीपासून स्थान होते. परंतु जे पूर्वी प्रसंगाचे होते ते पुढे रोजचे झाले, आणि घरच्या मडक्यातले होते ते देशी दारूच्या बाटलीत आले. कपाशीचा भाव पडला की शेतकरी पितो, भाव चढला की आनंदाने पितो, आणि पाऊस लांबला की काळजीने पितो. हे सर्व आम्ही ह्या धर्मग्रामात डोळ्यांनी पाहिले आहे. कित्येक मयतींच्या प्रार्थना म्हणताना मरणाचे खरे कारण आम्हांस ठाऊक होते, पण ते तेथे उच्चारण्याजोगे नव्हते.

ह्या भागाने कायद्याचा उपायही जवळून पाहिला आहे. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग आदींच्या लोकचळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. वर्धा नदीपलीकडील चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली व २०२१ साली उठविली गेली. दुकान बंद करण्यासाठी गावोगावच्या स्त्रियांनी उभी बाटली की आडवी बाटली ह्या प्रश्नावर मतदान केल्याचे वृत्त आपण सर्वांनी वाचले आहे. आम्ही त्या मायबहिणींच्या धैर्यास वंदन करतो. दुकान जवळ असणे व दूर असणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तथापि कायदा दुकानास कुलूप लावू शकतो. ज्याच्या अंगी व्यसन भिनले आहे, त्याच्या आत जी भट्टी पेटलेली असते तिला तो हात लावू शकत नाही. तो मनुष्य आज सायंकाळी सहा वाजता काय करील, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आमचा इतिहास त्या प्रश्नाचा आहे.

ह्या प्रश्नास ख्रिस्तसभेत प्रथम मोठ्या प्रमाणावर हात घालणारा पुरुष म्हणजे आयर्लंडमधील कॅप्युचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू. १० एप्रिल १८३८ रोजी कॉर्क शहरात त्यांनी संपूर्ण मद्यत्यागाची सभा स्थापन केली. पाच-सहा वर्षांत लाखो आयरिश लोकांनी त्यांच्यापुढे गुडघे टेकून शपथ घेतली. परंतु १८४५ पासून बटाट्याच्या रोगाने भीषण दुष्काळ पडला, लोक देशोधडीस लागले, आणि १८५६ साली फादर मॅथ्यू वारल्यानंतर ती लाट बहुतांशी ओसरली. शपथ खरी होती, श्रद्धाही खरी होती. उणे इतकेच होते की, शपथ घेऊन मनुष्य घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करणारे कोणी नसे. १८९८ साली डब्लिन येथे येशूसंघीय फादर जेम्स कलन ह्यांनी जी पायोनियर सभा काढली, तीत सभासदांस छातीवर पवित्र हृदयाचे चिन्ह लावण्यास सांगितले. त्यायोगे रस्त्यात एक सभासद दुसऱ्यास ओळखू लागला. ही त्या उणिवेची काहीशी भरपाई होती.

अमेरिकेतही तोच धडा दुसऱ्या रीतीने मिळाला. १८४० साली बाल्टिमोर शहरी सहा पियक्कडांनी आपसांत ठरविले की, आजपासून आपण पिणार नाही, आणि दर सभेस प्रत्येकाने आपली कहाणी सांगावयाची व नवा एक पिणारा घेऊन यावयाचे. ह्या वॉशिंग्टोनियन मंडळात थोड्याच काळात हजारो लोक सामील झाले. दारुड्याचे दारुड्यानेच ऐकावे ही नवी कल्पना होती व ती अचूक होती. परंतु मंडळ राजकारणात, कायद्याच्या वादात व परस्परांच्या भांडणात ओढले गेले आणि काही वर्षांतच विस्कटले.

ह्या दोहोंच्या मध्ये एका एकट्या मनुष्याची कथा आहे. मॅट टॅलबट हा डब्लिनचा हमाल. जन्म १८५६ चा. मद्याच्या वखारीत नोकरीस लागल्यावर बाराव्या-तेराव्या वर्षीच त्यास प्यावयाची सवय जडली. १८८४ साली एके दिवशी खिसा रिकामा असल्याने तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्या सोबत्यांना त्याने आजवर पाजली होती, त्यांपैकी कोणी तरी आपणांस आत बोलावील अशी त्यास आशा होती. एकानेही बोलाविले नाही. तो घरी गेला, आईस सांगितले, आणि तीन महिन्यांची शपथ घेतली. मग सहा महिन्यांची, आणि मग जन्माची. १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यात पडून त्याचे देहावसान झाले. १९७५ साली पोप सहावे पौल ह्यांनी त्यास पूजनीय म्हणून घोषित केले. वाचकांनी येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, त्याने प्रथम जन्माची नव्हे, तीन महिन्यांची शपथ घेतली. दुसरी, गुत्त्याची सोबत ही सोबत नव्हेच, हे त्यास त्या दिवशी उमगले, आणि रोज पहाटेच्या मिस्सेत व जाणत्या धर्मगुरूंच्या सल्ल्यात त्याने दुसरी सोबत शोधिली.

आता आपण १९३५ सालाकडे येतो. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील गृहस्थ बिल विल्सन ह्यास दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी गेला असता ते काम फसले, आणि हॉटेलच्या दालनात एका बाजूस मद्यालयातील हास्यविनोद व दुसऱ्या बाजूस टेलिफोन, अशा स्थितीत तो उभा राहिला. त्याने टेलिफोन उचलला. तेथे लावलेल्या चर्चच्या यादीतील एका पाळकास फोन करून, ह्या गावात एखादा दारूग्रस्त मनुष्य मला भेटवाल काय, असे त्याने विचारले. कारण दुसऱ्या पीडितास साहाय्य केले तरच आपण आज वाचू, असे त्यास वाटले. त्या फोनामागून फोन होत होत त्याची भेट डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशी झाली. पंधरा मिनिटेच बसेन म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला, आणि तीच तिथी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ह्या बंधुसंघाची जन्मतिथी मानली जाते. यंत्रावरून कसली सोबत, असे आम्हांस विचारणाऱ्यांनी हे विसरू नये की, ह्या संघाचा जन्मच एका टेलिफोनातून झाला.

ह्या कार्यात कॅथलिकांचा वाटा मोठा आहे. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया ह्या धर्मभगिनीने १९३९ पासून, जेव्हा इतर रुग्णालये दारुड्यास दारातून परतवीत असत, तेव्हा त्यांस खाट दिली. घरी जाताना ती प्रत्येकास पवित्र हृदयाचा एक बिल्ला देई आणि सांगे की, प्यावेसे वाटले तर पिण्याआधी हा मला परत आणून द्यावा. सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग १९४० च्या हिवाळ्यात बिल विल्सनला येऊन भेटले व पुढे वर्षानुवर्षे त्याचे आत्मिक मित्र राहिले. फादर स्वतः मद्यपी नव्हते. परंतु ऐकून घेण्याची विद्या त्यांच्यापाशी होती.

ए. ए. ने पूर्वीच्या चळवळींच्या चुकांपासून पुष्कळ घेतले. सभासदाचे पूर्ण नाव प्रसिद्ध करावयाचे नाही. वर्गणीची सक्ती नाही. राजकारण व बाहेरचे वाद ह्यांत संघाने पडावयाचे नाही. आणि जन्माची शपथ नव्हे, तर फक्त आजचा दिवस. ह्याखेरीज स्वतःची असमर्थता कबूल करणे, केलेल्या अपराधांची झडती घेणे, ती दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखविणे, ज्यांचे नुकसान केले त्यांस भरून देणे, अशा बारा पायऱ्या आहेत. पापनिवेदनाची सवय असलेल्या आपल्या लोकांस त्या परक्या वाटू नयेत.

परंतु आमच्या विषयाचा कणा पुढेच आहे. १९३९ साली संघाचे पुस्तक निघाले आणि १ मार्च १९४१ रोजी एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर ह्या पत्रकाराचा लेख आला. त्यावर दूरदूरच्या खेड्यांतून हजारो पत्रे आली. न्यूयॉर्कच्या लहानशा कचेरीने एकेका पत्रास उत्तर पाठविले, आणि त्या एका वर्षात सभासदसंख्या सुमारे २,००० वरून ८,००० वर गेली. ज्या गावी दुसरा सभासदच नाही, तेथील एकटा मनुष्य पत्रांच्या आधारावर दारूपासून दूर राहू लागला. खलाशी जहाजांवरून पत्रे लिहू लागले. ऑस्ट्रेलियातील डॉ. सिल्व्हेस्टर मिनोग ह्यांनी न्यूयॉर्कशी असाच पत्रव्यवहार आरंभिला, आणि १९४५ साली सिडनी येथे पहिला गट उभा राहिला. त्याच्या संस्थापकांत अनाथ मुलांसाठी बॉइज टाउन काढणारे फादर टॉम डनली हे कॅथलिक धर्मगुरू होते. समुद्रापलीकडून आलेल्या चार ओळींनी मनुष्य सावरतो, ह्याचा तो पुरावाच होय.

आपल्या ख्रिस्तसभेस ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. संत पौल बंदिवासात असता फिलिप्पै येथील मंडळीस पत्रानेच धीर देत होता. महाराष्ट्रातही १९०३ साली फादर हेन्री डोरिंग ह्यांनी निरोप्या हे मासिक सुरू केले, ते विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांस एकमेकांची खबर कळावी म्हणूनच. साधन बदलते, निरोप पोहोचविण्याचे काम तेच राहते.

हिंदुस्थानात ए. ए. चा प्रारंभ १९५७ साली मुंबईत झाला. १९८१ साली मुंबई महाधर्मप्रांताचे फादर ज्यो परेरा ह्यांनी वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली; बारा पायऱ्यांस त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार ह्यांच्या योगसाधनेची जोड दिली, आणि २००९ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व त्यांचे पती, लेखक अनिल अवचट, ह्यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या पाठबळाने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उघडले. व्यसनी मनुष्यास मराठीतून, आपुलकीने, अपमान न करता वागवावे हा त्याचा बाणा. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर पाठपुराव्याच्या सभांस येत राहावा, आणि त्याच्या पत्नीसही स्वतंत्र आधारगट असावा, हे मुक्तांगणने आरंभापासून ओळखिले.

ही सर्व कार्ये थोर आहेत. परंतु वांद्रे व पुणे आमच्यापासून शेकडो कोस दूर आहेत. झरीचा शेतकरी महिनाभर केंद्रात राहून परत येतो, तेव्हा त्याच्या गावात गुत्ता असतो, जुने सोबती असतात, पण सभा नसते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी लोक असल्याचे म्हटले असून, त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांचे पिणे साहाय्याची गरज पडावी इतके घातक असल्याचे नमूद केले आहे. जे मद्याच्या पूर्ण आहारी गेले आहेत अशा ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो, असेही तीत आढळले. उरलेले सदतीस कोठे आहेत असे कोणी पुसेल, तर त्यांपैकी पुष्कळ आमच्यासारख्या तालुक्यांत आहेत, असे उत्तर आहे.

अशा स्थितीत २०२० साल उगवले. २५ मार्चपासून टाळेबंदी आली. मंदिरे बंद झाली. दोन दिवसांनी पोप फ्रान्सिस ह्यांनी पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात उभे राहून जगास आशीर्वाद दिला, आणि तो आपण पडद्यावर पाहिला. ए. ए. च्या सभाही बंद झाल्या. परंतु संगणकावरून सभा भरविण्याची रीत त्या संघात विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच होती. आता ती झूमच्या व व्हॉट्सअ‍ॅपच्या द्वारे घरोघर पोहोचली. मुंबईची सभा वणीत ऐकू येऊ लागली. ज्या मनुष्यास पूर्वी सभेसाठी रात्रभर प्रवास करावा लागला असता, तो आता गोठ्यात बसून सभेस हजर राहू लागला.

ह्याच काळात सोबत नसल्याचे फळ काय होते तेही आमच्या भागाने पाहिले. २०२१ च्या एप्रिल महिन्यात निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद असता, आमच्या शेजारच्या वणी येथे हात निर्जंतुक करावयाचे सॅनिटायझर प्याल्याने सात जण दगावले. बहुतेक मोलमजुरी करणारे. त्यांस कोणी मूर्ख म्हटले, कोणी पापी म्हटले. आम्हांस त्या बातमीने झोप आली नाही. कारण त्यांच्यासारखे आमच्याही धर्मग्रामात होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही व्यासपीठावरून रागे भरण्यापलीकडे फारसे काही केलेले नव्हते.

येथे आम्हांस आमचा दोष सांगणे प्राप्त आहे. गुरुविद्यालयात आम्ही नीतिशास्त्र शिकलो. पुनःपुन्हा पिणे हे इच्छेचे दौर्बल्य आहे व दृढ निश्चयाने ते जाते, असे समजून आम्ही कित्येक वर्षे वागलो. अमेरिकेच्या वैद्यकसंघाने १९५६ सालीच दारूच्या व्यसनास आजार म्हटले होते. परंतु आम्ही ते वाचूनही मनावर घेतले नव्हते. आमच्या एका गृहस्थास, त्यांचे नाव व गाव आम्ही सांगणार नाही, आम्ही वेदीपुढे तीन वेळा शपथ दिली. तिन्ही वेळा ती मोडली. तिसऱ्या वेळी आम्ही त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या लेकरांदेखत कठोर बोललो. तेव्हा त्यांची पत्नी, जी कधी मान वर करून बोलत नसे, ती दारापर्यंत आमच्यामागे आली आणि म्हणाली, “फादर, तुमी आयतवारी भेटता, दारू त रोजच भेटते.”

त्या एका वाक्याने आमच्या पंचवीस वर्षांच्या प्रवचनांचा ताळेबंद मांडला. फादर मॅथ्यूंच्या शपथेत जे उणे होते तेच आमच्यात होते.

पुढे त्या गृहस्थांच्या नागपुरास शिकणाऱ्या भाच्याने त्यांस मराठीतून चालणाऱ्या एका सभेशी फोनवर जोडून दिले. आम्ही प्रथम साशंक होतो. अनोळखी लोकांपुढे घरची लक्तरे मांडावयाची, आणि तीही यंत्रावर, हे आम्हांस रुचले नाही. महाजालावर संस्कार होत नाहीत, असे परमपीठाच्या संबंधित मंडळाने २००२ सालच्या एका दस्तऐवजात स्पष्ट केले आहे. ते आम्ही त्यांस सांगितले. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “फादर, मी तेथं पापनिवेदनाले नाही जात. मी तेथं फक्त आजची रात्र काढाले जातो.” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. संस्कार निराळा आणि शेजारधर्म निराळा. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये हे खरे, पण एकाच्या नावाने दुसऱ्यास दूरही लोटू नये.

त्यांच्या घरी फोनास रेंज येत नाही. म्हणून ते रोज रात्री पांदणीने चालत जाऊन धुऱ्यावरच्या उंचवट्यावर उभे राहत. सकाळी गटातील प्रत्येक जण, आज नाही, एवढे दोन शब्द लिही. नाशिकचा रिक्षावाला, पुण्याचा निवृत्त शिक्षक, कोकणातला मासेमार, आणि हे. चार महिने असे गेले. मग पोळा आला, आणि पोळ्याच्या करीला, जेव्हा अर्धा गाव झिंगलेला असतो, हेही घसरले. दुसऱ्या सकाळी त्यांचे दोन शब्द आले नाहीत. ते पाहून नाशिकच्या त्या मनुष्याने सवारी सोडून त्यांस फोन केला. रागावला नाही, उपदेश केला नाही. आपण स्वतः किती वेळा घसरलो ते सांगितले आणि रात्री सभेस या म्हणाला. आम्हांस ती घसरण कळली तीन दिवसांनी. आम्ही त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा ते पुन्हा कपाशीत डवरणी करीत होते. त्या करीपासून आज ह्या ओळी लिहीपर्यंत त्यांनी दारूस स्पर्श केलेला नाही. उद्याचे ते स्वतःही सांगत नाहीत, म्हणून आम्हीही सांगत नाही.

ही सोबत काम कशी करते, हे आम्ही त्यांच्यापासूनच शिकलो. तल्लफ ही पुरासारखी चढते व ओसरतेही. त्या चढत्या घटकेत कोणी बोलणारे भेटले तर मनुष्य काठावर राहतो. लाज हे दारूचे मोठे भांडवल. आपल्यासारखीच कहाणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती लाज निम्मी होते. आणि ज्यास आजवर सर्वांनी फक्त सुधारावयाचा मनुष्य मानले, तो दुसऱ्यास धीर देऊ लागला की त्यास आपली किंमत पुन्हा कळते. शास्त्रीय परीक्षेतही हा मार्ग उतरला आहे. २०२० साली कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २७ अभ्यासांचा, त्यांतील १०,५६५ लोकांचा, एकत्र विचार प्रसिद्ध केला. ए. ए. च्या मार्गाकडे पद्धतशीर वळविलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षाअखेर पूर्ण मद्यमुक्त होते. इतर मान्य उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. ते अभ्यास बहुतेक समोरासमोरच्या सभांचे आहेत, हे लक्षात ठेवावे. शिवाय ४२ म्हणजे शंभर नव्हे. जो ह्या मार्गाने सुटला नाही त्यास दोष न देता दुसरा मार्ग दाखविला पाहिजे.

म्हणून काही सावधगिरीच्या सूचना देतो. जो वर्षानुवर्षे रोज पितो, त्याने एकाएकी दारू बंद केल्यास दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे जिवावरचे प्रसंग येऊ शकतात. म्हणून आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालयात व्हावा. हे काम फोनवरची सभा करू शकत नाही. जो गट पैसे मागतो, चहातून गुपचूप औषध पाजण्यास सांगतो, किंवा ऐकलेली कहाणी बाहेर पसरवितो, त्यापासून दूर राहावे. घरच्या स्त्रियांनीही आपला स्वतंत्र आधार शोधावा. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन हा संघ १९५१ पासून आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय साहाय्यवाहिनी १४४४६ व मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, ह्या दोन्हींस पैसे पडत नाहीत. हे आकडे प्रत्येक घराच्या दाराआड लिहून ठेवावेत.

रौप्यमहोत्सवाचे निमित्ताने आम्ही एक लहानसा निश्चय केला आहे. मंदिरामागील धर्मशिक्षणाची खोली, जेथे रेंज बरी येते, ती रोज रात्री आठ ते दहा उघडी राहील. तेथे वीज, एक टेबल व चार खुर्च्या असतील. जो कोणी येईल, मग तो कोणत्याही धर्माचा वा पोडाचा असो, त्याने आत बसून आपल्या सभेस हजर राहावे. कोण आला होता हे कोणी विचारणार नाही, आणि आम्हीही खिडकीतून डोकावणार नाही. पुढे अशी चार माणसे जमली, तर पडद्यावरच्या सोबतीतून येथलीच एक समोरासमोरची सभा उभी राहील, जशी सिडनीत पत्रांतून उभी राहिली.

आपणां सर्वांकडे आमचे मागणे ह्याहून सोपे आहे. लग्नाच्या व बारशाच्या पंगतीत कोणास आग्रहाने पाजू नये. जो नको म्हणतो त्याची थट्टा करू नये. आणि जो घसरला त्याच्या घरी, आमच्याप्रमाणे तीन दिवसांनी नव्हे, त्याच दिवशी जावे. हातात उपदेश नको, चहाची किटली असली तरी पुरे.

ज्युबिलीचे शिंग पूर्वी डोंगरावरून वाजत असे. आमच्या ह्या मुलखात ते एखाद्या रात्री धुऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या खिशात वाजते, आणि पलीकडून कोणी तरी विचारतो, आजचा दिवस कसा गेला? त्या विचारणाऱ्याचे व उत्तर देणाऱ्याचे प्रभू कल्याण करो, आणि त्यांच्या घरी सुखाची झोप असो.